जुन्या पेशींत एलसी३-२ वाढलेलं दिसतंय, मग ऑटोफॅजी वाढली म्हणायची का?

घडीमोड (मूळ प्रश्न)

मानवी त्वचेचे फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या पेशी) आहेत. एक संच तरुण, साधारण २५ दुपटींपर्यंतचा (म्हणजे पेशींची संख्या तेवढ्या वेळा दुप्पट झालेला). दुसरा ५५ दुपटींच्या पुढचा. त्याचं विभाजन थांबलंय आणि पीएच ६ ला बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा निळा रंग (म्हाताऱ्या पेशींची नेहमीची खूण) स्वच्छ येतोय. वय वाढल्यावर पेशी खराब प्रथिनांची विल्हेवाट कशी लावते, आणि लावू शकत नसेल तर अडतं कुठे, हे बघायचं आहे. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलवर आकाराने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची रीत) जुन्या पेशींत असं दिसतं:

- एलसी३-२ ची पट्टी गडद (कचरा भरणाऱ्या पिशवीला चिकटणारं प्रथिन)
- पी६२ सुद्धा गडद (त्या पिशवीपर्यंत कचरा पोचवणारं प्रथिन)
- युबिक्विटिनचा (टाकाऊ प्रथिनांना खूण म्हणून जोडलं जाणारं छोटं प्रथिन) वरच्या भागातला पसारा थोडा जास्त, पण दर वेळी वेगळा

पुस्तकी हिशेबाने एलसी३-२ वाढलं म्हणजे ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचा कचरा पिशवीत भरून पचवणं) वाढली, आणि पी६२ वाढलं म्हणजे ती घटली. दोन्ही एकदम कसं?

लायसिस (पेशी फोडणं) रिपा बफरमध्ये, इडीटीए असलेलं प्रोटिएज इनहिबिटर कॉकटेल घालून. १२ टक्के जेल, ०.४५ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ. त्याच लायसेटमधून (फोडलेल्या पेशींच्या द्रवातून) प्रोटिएसोमची, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या यंत्राची, क्रियाशीलता मोजली, तर तरुण आणि जुन्या दोन्हींत जवळपास शून्य. १०० नॅनोमोलर रॅपामायसिन (ऑटोफॅजी वाढवणारं औषध) २४ तास दिल्यावर जुन्या पेशींत एलसी३-२ आणखी वाढलं. ही सुधारणा समजायची का?

---

तळगाळ

नाही समजायची. निदान या ब्लॉटवरून तरी नाही.

ब्लॉट तुम्हाला साठा दाखवतो, प्रवाह नाही. मोरी भरलेली दिसली तर नळ मोठा सोडलाय की भोक तुंबलंय, हे नुसतं पाण्याच्या पातळीवरून सांगता येत नाही. एलसी३-२ ऑटोफॅगोसोमच्या (कचरा भरणाऱ्या पिशवीच्या) पटलाला चिकटतं आणि आतल्या बाजूचं लायसोसोममध्ये (पेशीच्या पचनाच्या आम्ल पिशवीत) पचून जातं. म्हणजे नवे ऑटोफॅगोसोम जास्त बनले तरी ते वाढतं, आणि बनलेले पचले नाहीत तरी वाढतं. पी६२ हा माल पोचवणारा दुवा. तोही मालासोबत पचतो. एलसी३-२ आणि पी६२ एकदम वाढलेत, तेव्हा माझा पहिला संशय भोकावर, म्हणजे लायसोसोमवर. पण संशयच. सिद्ध करायला भोक मुद्दाम बंद करून पातळी किती चढते ते बघावं लागतं.

त्यासाठी बॅफिलोमायसिन ए१ (पुढे नुसतं बॅफ), १०० नॅनोमोलर, ४ तास. ते लायसोसोममध्ये प्रोटॉन भरणारा पंप बंद करतं, आम्लता जाते, पचन थांबतं. एकाच जेलवर शेजारी-शेजारी चार लेन: तरुण + डीएमएसओ (औषध विरघळवायचा नुसता द्रव), तरुण + बॅफ, जुनी + डीएमएसओ, जुनी + बॅफ. प्रवाह म्हणजे बॅफ असतानाची पट्टी वजा नसतानाची.

समजा तरुण पेशींत १ वरून ५ वर गेलं आणि जुन्यांत ४ वरून ५ वर. मग जुन्यांत सुरुवातीची पातळी चौपट असूनही प्रवाह तरुणांच्या पावपट आहे. उलट ४ वरून १२ वर गेलं, तर ऑटोफॅजी खरोखरच जोरात चालू आहे आणि तुंबल्याचा संशय चुकला.

तुम्ही लिहिलेल्या सेटअपमधल्या काही गोष्टी बदला:

१. एलसी३-२ जेलवर १४ ते १६ किलोडाल्टनला पळतं. १२ टक्क्यांच्या जेलवर ते रंगाच्या रेषेपाशी दाटतं. १५ टक्के किंवा ४ ते २० टक्के ग्रेडियंट घ्या आणि रंग बाहेर पडायच्या आत जेल थांबवा.

२. ०.४५ मायक्रॉनच्या पटलातून एवढं लहान प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं. ०.२ मायक्रॉन घ्या.

३. एलसी३-२ भागिले एलसी३-१ हे गुणोत्तर काढू नका. एलसी३-१ गोठवण-वितळवणीत लवकर नासतं, आणि बऱ्याच अँटिबॉडी दोन रूपांना सारख्या ताकदीने धरत नाहीत. भागायचं ते एकूण प्रथिनाने.

४. एकूण प्रथिनासाठी अॅक्टिनवर विसंबू नका. सेन्सेंट (विभाजन कायमचं थांबलेल्या) पेशी फुगतात, पसरतात, त्यांचा सांगाडाच बदलतो. पाँसो किंवा दुसरा कुठलाही एकूण प्रथिनाचा रंग बरा.

५. बॅफचा डोस पुरेसा आहे ना ते एकदा तपासा. ५०, १०० आणि २०० नॅनोमोलर देऊन बघा. २०० ला पट्टी १०० पेक्षा गडद होत असेल, तर १०० ला भोक पूर्ण बंद होत नाहीये आणि वजाबाकी खोटी ठरेल.

प्रयोग चालतोय याची खूण म्हणून एक तरुण प्लेट २५० नॅनोमोलर टोरिन-१ (ऑटोफॅजी वाढवणारं औषध) देऊन ठेवा, बॅफसह आणि बॅफविना. तिथे प्रवाह वाढलेला दिसला नाही, तर बाकीच्या लेनवर बोलण्यात अर्थ नाही.

---

घडीमोड

आभारी आहे. बॅफिलोमायसिन रात्रभर ठेवलं तर चालेल का? पट्ट्या जास्त ठळक येतील असं वाटतं.

---

तळगाळ

ठळक येतील, पण त्या वाचता येणार नाहीत. लायसोसोम बंद राहिला की तिथून येणारी अमिनो आम्लं थांबतात, एमटॉरसी१ ला (पेशीतल्या पोषण जोखणाऱ्या नियंत्रकाला) ते कळतं, आणि पेशी नळच वेगळा सोडायला लागते. १६ तासांनंतर तुम्ही जुन्या पेशी मोजत नसता, विषबाधा झालेल्या पेशी मोजत असता. २ ते ४ तास पुरे. क्लोरोक्विन (लायसोसोम अडवणारं दुसरं औषध) स्वस्त आहे म्हणून वापरायचा मोह होतो; पण ते ऑटोफॅगोसोम आणि लायसोसोमचं जुळणंही अडवतं आणि गॉल्जीची रचना विस्कटवतं. प्रथिनांच्या वाहतुकीचाच प्रश्न असेल तिथे हा घोळ नको.

---

सव्वीसएस

प्रोटिएसोमचा शून्य आकडा जुन्या पेशींचा नाही, रिपाचा आहे.

२६एस प्रोटिएसोम म्हणजे मधलं २०एस पिंप आणि टोकाला १९एस टोपी. पिंपात सात-सात घटकांची चार कडी, एकूण २८ घटक. कात्र्या आतल्या दोन कड्यांत. टोपी एटीपीच्या जोरावर प्रथिन उलगडते आणि आत ढकलते. एटीपी नसेल तर टोपी आणि पिंप सुटे होतात. रिपातलं एसडीएस आणि डीऑक्सिकोलेट हा सगळा डोलारा मोडतं. वर इडीटीए मॅग्नेशियम ओढून घेतं, त्यामुळे एटीपी असूनही निरुपयोगी. आणि कॉकटेलमध्ये ल्युपेप्टिन असेल तर ते प्रोटिएसोमची ट्रिप्सिनसारखी कात्रीही दाबतं. तीन बाजूंनी गळा दाबल्यावर शून्यच येणार.

मोजणीसाठी वेगळी प्लेट ठेवा आणि वेगळा बफर करा: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, २ मिलिमोलर एटीपी, १ मिलिमोलर डीटीटी, १० टक्के ग्लिसरॉल. एटीपी आणि डीटीटी आयत्या वेळी घाला. प्रोटिएज इनहिबिटर नको, इडीटीए नको. पेशी बर्फावर बारीक सुईतून १० ते १५ वेळा ओढून फोडा, ४ अंशांना १६,००० जी वर १५ मिनिटं फिरवा, वरचं द्रव त्याच दिवशी वापरा.

विहिरीत १० ते २० मायक्रोग्रॅम प्रथिन, १०० मायक्रोमोलर सक्-एलएलव्हीवाय-एएमसी (कापल्यावर चमकणारा छोटा तुकडा), एकूण १०० मायक्रोलिटर. ३७ अंशांना दर २ मिनिटांनी वाचन, ३८० ला उत्तेजन, ४६० ला उत्सर्जन, तासभर. शेवटचा आकडा नको, सरळ भागाचा उतार घ्या. प्रत्येक नमुन्याची जोडीची विहीर इपॉक्सोमायसिन (प्रोटिएसोम बंद करणारं रसायन) घालून, १ मायक्रोमोलर, अर्धा तास आधी. हे सब्सट्रेट (तो चमकणारा तुकडा) कॅल्पेन हे दुसरं एन्झाइमही कापतं. इपॉक्सोमायसिनने बंद होणारा भाग तेवढा प्रोटिएसोमचा.

एवढं करूनही हा आकडा फक्त बीटा-५ कात्रीचा असतो. चार अमिनो आम्लांच्या तुकड्याला ना युबिक्विटिन लागतं ना उलगडणं. कात्री धारदार असून टोपीपाशी माल अडलेला असू शकतो. ते बघायचं तर युबिक्विटिन-जी७६व्ही-जीएफपी हा रिपोर्टर घाला (जीएफपी म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन). त्यातलं युबिक्विटिन कापून काढता येत नाही, त्यामुळे निरोगी पेशीत जीएफपी जवळजवळ दिसत नाही आणि प्रोटिएसोम मंदावला की पेशी हिरवी होते.

आता तुमचा दर वेळी बदलणारा युबिक्विटिनचा पसारा. पेशी फुटली की युबिक्विटिन सोडवणारी एन्झाइमं मोकाट सुटतात आणि साखळ्या मिनिटांत उतरवतात. नेहमीचं कॉकटेल त्यांना अडवत नाही. त्यांतली बहुतेक सिस्टीन प्रकारची आहेत, म्हणून बफरमध्ये २० मिलिमोलर एन-इथाइलमॅलिमाइड घाला. साठा इथेनॉलमध्ये करा. पाण्यात ते काही तासांत निकामी होतं. आणि त्याच बफरमध्ये डीटीटी घालू नका, दोघं एकमेकांना संपवतात. याहून सोपं: प्लेटवरचं माध्यम ओतून थेट उकळतं १ टक्का एसडीएस टाका, खरवडा, ९५ अंशांना ५ मिनिटं ठेवा, डीएनएचा चिकटा सोनिकेटरने मोडा. सगळी एन्झाइमं जागच्या जागी मरतात.

अँटिबॉडी एफके२ घ्या. ती प्रथिनाला जोडलेलं युबिक्विटिन धरते, सुटं नाही. साखळीचा प्रकारही (ती युबिक्विटिनच्या कोणत्या जागी जोडली आहे ते) बघायला हरकत नाही: के४८ बहुतांशी प्रोटिएसोमकडे जाणारा माल, के६३ मध्ये ऑटोफॅजी, पटलावरची वाहतूक, डीएनए दुरुस्ती असा बराच भरणा.

---

निकेलकण

वर पी६२ बद्दल थोडं घाईने लिहिलंय, त्याला जोड देतो. पी६२ चं जनुक एनआरएफ२ च्या (ताण आल्यावर जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाच्या) हुकमावर चालतं. जुन्या पेशींत ऑक्सिडेशनचा ताण असतो, एनआरएफ२ जागा होतो, आणि पचन व्यवस्थित असलं तरी पी६२ वाढतं. पी६२ चा एमआरएनए (जनुकाची कामाची नक्कल) बघा. तोही त्याच पटीत वाढला असेल, तर पी६२ ला तुंबल्याचा पुरावा म्हणून वापरू नका.

दुसरं म्हणजे, तुमचा कंट्रोल मला पटत नाही. एका बाजूला विभाजन चालू असलेल्या पेशी आणि दुसऱ्या बाजूला थांबलेल्या. विभाजन होताना कचरा दोन पेशींत वाटला जातो, काही न करता निम्मा होतो. जुन्या पेशीला ही सोय नाही, चेतापेशीला तर कधीच नसते. म्हणजे तुम्हाला दिसणारा फरक वयाचा नसून नुसत्या थांबण्याचा असू शकतो. तिसरा संच हवा: तरुणच, पण दाटीने थांबलेला. प्लेट भरू द्या आणि ५ ते ७ दिवस तशीच ठेवा, माध्यम बदलत राहा. सीरम काढून थांबवू नका, उपासमारीने ऑटोफॅजी आपोआप वाढते.

---

तळगाळ

एनआरएफ२ चा मुद्दा मान्य, माझं वाक्य सैल होतं. बॅफच्या लेनमध्ये पी६२ किती चढतं तेही वाचलं तर थोडा निवाडा होतो, पण एमआरएनए हवाच.

---

घडीमोड

तिसरा संच लावतो. लायसोसोम तुंबलाय असं निघालं तर ते थेट कसं दाखवायचं? लायसोट्रॅकर (आम्ल लायसोसोममध्ये साचणारा रंग) जुन्या पेशींत उलट जास्त चमकतोय, म्हणून गोंधळ आहे.

---

निकेलकण

चमकणारच. जुन्या पेशीत लायसोसोमची संख्या आणि आकार दोन्ही वाढलेले असतात. तुमचा निळा रंग त्याचाच पुरावा आहे: ते एन्झाइम लायसोसोमचंच, ज्याला खरं तर पीएच ४ ते ४.५ मानवतो. साठा इतका वाढलेला असतो की गैरसोयीच्या पीएच ६ लाही ते दिसतं. लायसोट्रॅकरची एकूण चमक म्हणजे लायसोसोम किती आहेत आणि ते किती आम्ल आहेत यांचा गुणाकार, आणि तो एका आकड्यावरून सुटा करता येत नाही. दोन तरंगलांबींचं गुणोत्तर देणारा पीएच-रंग वापरा, आणि प्रत्येक प्रयोगात ज्ञात पीएचच्या बफरांनी त्याचा आलेख बांधा.

पचन बघायला डीक्यू-बीएसए (रंग दाटीने जोडलेलं प्रथिन) सोपं आहे. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ४ ते ६ तास. अखंड असताना रंग एकमेकांना दाबून ठेवतात, तुकडे झाले की चमकतात. पण पेशीने ते गिळलंच कमी असेल तरीही चमक कमीच येईल. म्हणून साधं रंगीत बीएसए शेजारच्या प्लेटला द्या आणि गिळण्याचा हिशेब वेगळा ठेवा.

आणखी एक फुकटातली खूण. आहे त्याच ब्लॉटवर कॅथेप्सिन डी ची (लायसोसोममधल्या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमची) अँटिबॉडी लावा. कच्चं रूप सुमारे ५२ किलोडाल्टन, मधलं ४८, पक्क्या रूपाचा मोठा तुकडा ३४ च्या आसपास. आम्लता बिघडली की कच्च्याचं पक्कं होणं अडतं आणि वरच्या पट्ट्या जमा होतात.

मायक्रोस्कोपखाली लायपोफसिन विसरू नका. जुन्या पेशींतलं हे पिवळट-तपकिरी, कधीच न पचणारं किटण स्वतःच हिरव्यापासून लालपर्यंत चमकतं. जीएफपी आणि आरएफपी जोडलेला एलसी३ रिपोर्टर वापरला, तर आम्लात हिरवा विझून उरणारे लाल ठिपके प्रवाहाची खूण मानतात. त्यातले कित्येक नुसते लायपोफसिनचे निघतात. काहीच न घातलेली जुनी प्लेट त्याच एक्स्पोजरला बघितल्याशिवाय ठिपके मोजू नका.

---

अविद्राव्य

सगळी चर्चा कचरा उचलण्यावर चाललीये. कचरा जास्त तयार होतोय का, हे कोणी विचारलं नाही.

प्रथिन राइबोसोममधून बाहेर पडतं तेव्हापासून शॅपरोन त्याला धरतात. एचएसपी७० आणि त्याचा जोडीदार एचएसपी४० उघड्या, पाणी टाळणाऱ्या पट्ट्या झाकतात, एटीपी खर्चून सोडतात, पुन्हा धरतात. पेशीद्रवात प्रथिनं मिलिलिटरला शेकडो मिलिग्रॅम इतकी दाट असतात. त्या गर्दीत उघडी पट्टी दुसऱ्या उघड्या पट्टीला चिकटायला वेळ लागत नाही. शॅपरोन कमी पडले की एचएसएफ१ (त्यांची जनुकं चालू करणारं प्रथिन) मोकळा होऊन नवे बनवायला लावतो. हा प्रतिसाद वयानुसार खुजा होतो, आणि तो झिजत झिजत जातोच असं नाही. सी. एलेगन्स कृमीत तो प्रौढपणाच्या पहिल्या दिवसांतच, प्रजनन सुरू होताना, बराचसा बंद केला जातो. तिथे घसरण नसून बटण आहे.

तपासायचं असं. प्लेट पॅराफिल्मने सील करून ४२ अंशांच्या पाण्यात १ तास. इन्क्युबेटरचं तापमान वाढवून करू नका. हवेतून माध्यम तापायला इतका वेळ जातो की तुमचा एक तास अर्ध्या तासाचा होतो. ३७ ला २ तास परत ठेवा, आरएनए काढा, एचएसपीए१ए आणि डीएनएजेबी१ (उष्णतेने वाढणारी शॅपरोनची जनुकं) मोजा. एचएसपीए८ कायमचं असतं, ते फार हलता कामा नये. प्रथिन बघायचं तर ६ तासांनी. सुरुवातीची पातळी आणि उडी दोन्ही लिहा. जुन्या पेशींत पातळी ठीक आणि उडी छोटी, असं बऱ्याचदा दिसतं.

मग गोळे, म्हणजे एकमेकांना चिकटून साचलेली प्रथिनं. १ टक्का ट्रायटनमध्ये फोडा, डीएनए बेंझोनेजने मोडा, १६,००० जी वर १५ मिनिटं, गाळ त्याच बफरने एकदा धुवा, २ टक्के एसडीएसमध्ये सोनिकेट करा. वरचं आणि खालचं, दोन्ही मूळ आकारमानाच्या सारख्याच भागाने जेलवर चढवा. गाळाचे वेगळे मायक्रोग्रॅम मोजून दोन्हींकडे सारखे चढवले तर गाळ कृत्रिमरीत्या भरघोस दिसतो. ही चूक फार होते. फायब्रोब्लास्टमध्ये गाळातला मोठा वाटा व्हिमेंटिनचा (पेशीच्या सांगाड्यातलं प्रथिन) असतो, तो गोळा समजू नका. ज्यांना एसडीएसही विरघळवत नाही अशा गोळ्यांसाठी ०.२ मायक्रॉनच्या सेल्युलोज अॅसिटेटवर फिल्टर-ट्रॅप: विरघळलेलं निघून जातं, गोळे वर अडकतात. नायट्रोसेल्युलोज चालणार नाही, ते सगळंच धरतं.

---

सव्वीसएस

रॅपामायसिनचा प्रश्न राहिलाच.

ते एमटॉरसी१ दाबतं, म्हणजे ऑटोफॅजीचा नळ मोठा करतं. भोक तुंबलेलं असेल तर नुसते न पचलेले ऑटोफॅगोसोम वाढतील. तुमच्या पट्टीचा तोही अर्थ असू शकतो. बॅफच्या चार लेनच्या आठ करा, रॅपामायसिनसह आणि त्याविना. दुसरं, ते नवीन प्रथिनं बनणंही कमी करतं. गोळे घटले तर श्रेय उचलण्याला की कमी बनण्याला? एटीजी५ (ऑटोफॅजीला लागणारं जनुक) काढलेल्या पेशींतही तेवढेच घटले, तर ऑटोफॅजीचा संबंध नाही. बनण्याचा वेग बघायला प्युरोमायसिन (बनत्या प्रथिनात शिरणारं औषध), १ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, १० मिनिटं, आणि प्युरोमायसिनच्या अँटिबॉडीने ब्लॉट.

आजारांकडे बघितलं तर एकच औषध सगळ्यांना का लागू पडत नाही ते कळतं. अल्झायमरमध्ये चेतापेशींच्या सुजलेल्या शाखांत ऑटोफॅगोसोम खच्चून भरलेले दिसतात: बनतात, पचत नाहीत. हंटिंग्टनच्या पेशींत ते बनतात, लायसोसोमपर्यंत जातातही, पण अर्धे रिकामे, माल उचललेलाच नसतो. तिथे एलसी३ चा प्रवाह मोजून सगळं छान दिसेल. जीबीए१ या लायसोसोमच्या जनुकातल्या बिघाडाने पार्किन्सनचा धोका वाढतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये तर गंमत उलटी: एफ५०८डेल हा बिघाड असलेलं सीएफटीआर (या आजारात बिघडणारं पटलावरचं प्रथिन) थोडंफार काम करू शकतं, पण पेशीची पारख इतकी कडक की पटलावर पोचायच्या आतच प्रोटिएसोम ते मोडून टाकतो. तिथे सफाई वाढवणं म्हणजे आजार वाढवणं. उपयोग झाला तो घडी सावरणाऱ्या रेणूंचा. आणि ट्रान्सथायरेटिनचे थर पेशीबाहेर साचतात; टॅफॅमिडिस त्याची चार घटकांची जुळणी घट्ट धरून ठेवतं, विल्हेवाटीला हातच लावत नाही. उलट टोकाला बोर्टेझोमिब, २००३ पासून मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी: अँटिबॉडी ओतणाऱ्या पेशींवर घडीचं ओझं आधीच इतकं असतं की प्रोटिएसोम दाबला की त्या आधी कोसळतात.

---

घडीमोड

तर क्रम असा लावतोय: तीन संच (तरुण, दाटीने थांबलेला, जुना), प्रत्येकी डीएमएसओ, बॅफ, रॅपामायसिन, दोन्ही. एलसी३, पी६२, कॅथेप्सिन डी एकाच लायसेटमधून, उकळत्या एसडीएसने. पी६२ चा एमआरएनए. प्रोटिएसोमसाठी आणि ट्रायटनच्या गाळासाठी स्वतंत्र प्लेटा. उष्णतेचा प्रयोग वेगळ्या दिवशी.

---

अविद्राव्य

उष्णतेच्या दिवशी तिन्ही संचांचं माध्यम एकाच बाटलीतलं आणि आधी ३७ ला आणलेलं असू दे. आणि उकळत्या एसडीएसचं लायसेट ब्रॅडफर्डने मोजू नका, एसडीएस त्याला बिघडवतं. बीसीए चालेल, पण नमुन्यात डीटीटी घालण्याआधी.

---

तळगाळ

बारा लेन आणि मार्कर. १५ विहिरींचा कंगवा घ्या. दोन जेलवर वाटायची वेळ आली तर संचाप्रमाणे वाटू नका, कारण तुलना संचांमध्येच आहे: डीएमएसओ आणि बॅफच्या सहा लेन एका जेलवर, उरलेल्या सहा दुसऱ्यावर, आणि एक समान नमुना दोन्हीकडे.